मुलाखत, पाककृती आणि एकांकिका: तिन्हींची प्रकाशयोजना एकाच सामानात कशी बसवावी?

दगडीवाडा

नमस्कार मंडळी. आमचा चार जणांचा गट गावातल्या जुन्या लोकांच्या मुलाखती, स्थानिक पाककृती आणि वर्षातून दोन-तीन एकांकिका चित्रित करतो. कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा मिररलेस, लेन्स ३५ आणि ५० मिमी. मुलाखतीची खोली १० बाय १२ फुटांची, छत ९ फूट, भिंती पोपटी डिस्टेंपरच्या, वर २० वॅटच्या दोन एलईडी पट्ट्या. आत्ता आमच्याकडे एकच ६० वॅटचा सीओबी लाइट (एका ठिकाणी दाट बसवलेल्या एलईडीचा दिवा) आणि ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) आहे. आणखी तीसेक हजार खर्च करायची तयारी आहे.

अडचणी अशा:

१. चित्रात आडवे काळपट पट्टे हळूहळू वर सरकतात. सेकंदाला २४ फ्रेम आणि १/६० सेकंदाचं शटर ठेवलं आहे.
२. आजोबांच्या चष्म्यात अख्खा सॉफ्टबॉक्स दिसतो, चेहरा सपाट येतो, मागच्या भिंतीवर सावली पडते आणि गालावर हिरवट झाक येते.
३. पाककृतीत कॅमेरा वरून लावला की करणाऱ्याच्या डोक्याची सावली कढईत. स्टीलची भांडी चमकतात, वाफ मात्र दिसत नाही. मिसळीची तर्री तपकिरी दिसते.
४. एकांकिकेत चेहरे पांढरे फटक, निळ्या प्रकाशात तर मेणाचे पुतळे.

तीन दिव्यांचा तयार संच घ्यावा असं सगळे सांगतात. घेऊ का?

कंदील५६००

संच घेऊ नका. त्यात तीन मध्यम दिवे आणि तीन लटपटणारे स्टँड मिळतात. तुमच्या चारही तक्रारींमध्ये उजेड कमी पडतो अशी एकही नाही. नको तो उजेड बंद करणं आणि हवा तो योग्य बाजूने आणणं, एवढंच काम आहे.

आधी चित्रात सरकणाऱ्या पट्ट्यांचं. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, म्हणून स्वस्त ड्रायव्हरची एलईडी पट्टी किंवा जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. शटर १/५० ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन ठोके येतात, १/१०० ठेवलं तर एक. दोन्ही ठिकाणी हिशेब पूर्ण जुळतो. १/६० मध्ये १.६६ ठोके येतात, म्हणजे सेन्सरच्या काही ओळींना जास्त उजेड मिळतो, काहींना कमी. तोच तुमचा पट्टा. कॅमेऱ्याच्या मेनूत पाल (५० हर्ट्झच्या विजेला जुळणारी पद्धत) निवडा, २५ फ्रेम, १/५०. २४ च ठेवायचे असतील तरी शटर १/५०. शटर अंशांत मोजणाऱ्या कॅमेऱ्यात ते १७२.८ अंश होतं. संथ गतीसाठी ५० फ्रेमला १/१०० आणि १०० फ्रेमलाही १/१०० चालतं. १२० फ्रेमला चालत नाही, कारण तिथे शटर १/१२० पेक्षा हळू ठेवताच येत नाही आणि ते १०० च्या ठोक्याशी जुळत नाही. तिथे तो दिवा बंद करण्याखेरीज उपाय नाही.

डिमरने मंद केलेल्या एलईडीची गोष्ट वेगळी. त्यातले काही दिवे ठरावीक वेगाने उघडझाप करून मंद होतात आणि त्या वेगाचा ५० हर्ट्झशी संबंध नसतो. म्हणून घ्यायचा दिवा दुकानातच १०० टक्के, ५० टक्के आणि १० टक्क्यांवर ठेवून १/१००० शटरने पाहा. पट्टे दिसले तर किती टक्क्यांवर दिसले ते लिहून ठेवा आणि तेवढा किंवा त्याहून खाली तो दिवा मंद करू नका. उजेड कमीच करायचा असेल तर दिवा मागे न्या. अंतर १.४ पट केलं की उजेड निम्मा, दुप्पट केलं की पाव.

आता छतावरच्या पट्ट्या बंद का करायच्या ते आकड्यात. २० वॅटची पट्टी साधारण २००० ल्यूमेन देते. तुमची खोली ११ चौरस मीटरची. एक पट्टी लावली तरी चेहऱ्यावर १००-१५० लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) येतात, दोन्ही लावल्या तर दोनशेच्या पुढे. आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, लेन्सचं छिद्र एफ २.८, शटर १/५० ला योग्य एक्स्पोजरसाठी लागतात साधारण २५० लक्स. म्हणजे तुमच्या मुख्य दिव्याशी डोक्यावरची पट्टी बरोबरीने भांडते आहे, तीही वरून आणि वेगळ्या रंगात. मग चेहरा सपाट नाही तर काय होणार? बटण बंद. सगळ्या बदलांत हाच सगळ्यात मोठा आणि फुकटचा.

भिंगवाला

कंदीलरावांशी सहमत. मी फक्त चष्म्यावर लिहितो, कारण यात लोक अंदाजाने दिवा हलवत बसतात. हा सरळ कोनांचा हिशेब आहे.

मुलाखत घेणारा कॅमेऱ्याच्या उजवीकडे बसला आहे आणि आजोबांचा चेहरा कॅमेऱ्यापासून २० अंश उजवीकडे वळला आहे असं धरा. चष्म्याची काच म्हणजे आरसा. कॅमेरा त्या आरशाच्या एका बाजूला २० अंशांवर, तर प्रतिबिंब दुसऱ्या बाजूच्या २० अंशांवरचं. म्हणजे कॅमेऱ्यापासून मोजलं तर उजवीकडे ४० अंशांवर जे असेल ते चष्म्यात दिसणार. पुस्तकी सल्ला काय असतो? मुख्य दिवा ४५ अंशांवर ठेवा! बरोबर नको त्या जागी.

शिवाय तुमचा सॉफ्टबॉक्स ९० सेंटिमीटर रुंद आहे. तो १२० सेंटिमीटरवर ठेवला तर मध्यापासून दोन्ही बाजूंना वीस-वीस अंश व्यापतो. म्हणून त्याचा मध्य कॅमेऱ्यापासून निदान ६० अंशांवर हवा. बोलताना मान हलते आणि काचेला बाक असतो, त्यासाठी आणखी १० धरा. ७० अंश. घाबरू नका, चेहरा आधीच २० अंश वळलेला असल्यामुळे नाकाच्या रेषेपासून तो दिवा ५० अंशांवरच येतो. पलीकडच्या गालावर पूर्ण उजेड, कॅमेऱ्याकडच्या गालावर सावली, आणि त्या सावलीत डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण. सपाटपणा इथेच गेला.

तुमच्या खोलीत हे बसवताना एक अडचण येईल. खोली १० फूट रुंद. माणूस मधोमध बसला तर दोन्हीकडे ५-५ फूट. ७० अंशांवर ४ फुटांवर सॉफ्टबॉक्सचं तोंड ठेवलं तर आडवं अंतर पावणेचार फूट, त्यात बॉक्सची खोली आणि दिव्याची लांबी धरली की भिंत आडवी आली. म्हणून खुर्ची मधोमध ठेवू नका, दिव्याच्या उलट बाजूला एक-दीड फूट सरकवा. मागची भिंत पाठीपासून ५ फूट लांब ठेवा. दिव्यापासून आजोबा ४ फुटांवर, भिंतीचा दिसणारा भाग सात-साडेसात फुटांवर. अंतर जवळपास दुप्पट, म्हणून भिंतीवर उजेड पाव, म्हणजे दोन स्टॉप गडद (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). आणि दिवा इतक्या बाजूने येत असल्यामुळे सावली फ्रेमबाहेर बाजूच्या भिंतीवर जाते.

तरीही चष्म्यात कडा दिसत असेल तर क्रम असा: आधी स्टँड १०-१० सेंटिमीटरने वर घ्या आणि एक जण लेन्सजवळ डोळा लावून पाहत राहा. प्रतिबिंब वरच्या फ्रेमआड गेलं की थांबा. त्यापुढे वर नेलं तर भुवईची सावली डोळ्यांत उतरते. मग चष्म्याच्या काड्या कानांवरून अर्धा-एक सेंटिमीटर उचला. काच २ ते ४ अंश खाली झुकते आणि प्रतिबिंब त्याच्या दुप्पट सरकतं. बघणाऱ्याला कळत नाही. चष्मा काढायला सांगू नका. रोज चष्मा लावणाऱ्याचे डोळे त्याशिवाय मिचमिचे होतात आणि नाकावरचा वळ कॅमेऱ्यात स्पष्ट येतो.

हिरवट झाक पोपटी भिंतीची. दिव्यासमोरच्या बाजूची भिंत उजेड घेते आणि हिरवा करून परत फेकते. व्हाइट बॅलन्सने (कॅमेऱ्यातल्या रंगाच्या जुळणीने) ती जात नाही, कारण ती एकाच गालावर असते. त्या बाजूला माणसापासून दोन-तीन फुटांवर काही तरी आडवं टांगा. सावली हलकी हवी असेल तर पांढरा सनबोर्ड, दाट हवी असेल तर काळं.

दगडीवाडा

भिंगवाला, ७० अंशांचा प्रयोग आजच केला. चष्मा स्वच्छ! पण कॅमेऱ्याकडचा अर्धा चेहरा फारच काळा गेला. सनबोर्ड म्हणजे फ्लेक्सवाल्याकडे मिळतो तोच का? आणि मुलाखतीत काही जण फेटा किंवा पांढरी टोपी घालून बसतात. टोपी जळते, म्हणजे पांढरी फटक होते, आणि चेहरा अंधारात.

भिंगवाला

तोच सनबोर्ड, ५ मिमीचा. ८ बाय ४ ची एक शीट घेऊन ४ बाय ४ चे दोन तुकडे करून घ्या. चकचकीत बाजू टाळा, मॅट घ्या. माणसाच्या सावलीकडच्या बाजूला, फ्रेमच्या अगदी काठाबाहेर, चेहऱ्यापासून दोन फुटांवर उभा करा. तिथून पाऊल-पाऊल मागे नेत पाहा. उजळ गाल आणि काळा गाल यांत एक स्टॉपचा फरक म्हणजे २ ला १, गप्पांच्या, हलक्याफुलक्या मुलाखतीला बरा. दोन स्टॉप म्हणजे ४ ला १, गंभीर विषयाला. त्यापुढे गेलात तर फोनवर पाहणाऱ्याला अर्धाच माणूस दिसतो. बोर्ड मांडीवर आडवा ठेवायचा मोह टाळा. चष्म्याची काच मुळातच किंचित खाली झुकलेली असते, त्यामुळे खालचं पांढरं तिच्यात चटकन उमटतं.

टोपीसाठी: दिव्याच्या वरच्या कडेसमोर काळ्या पुठ्ठ्याची पट्टी क्लिपने अशी लावा की उजेड कपाळापर्यंतच यावा. याला आपल्याकडे कटर म्हणतात. पट्टी सॉफ्टबॉक्सला चिकटवून लावली तर सावलीची कड दिसतच नाही आणि परिणामही फारसा होत नाही. एक फूट पुढे, माणसाच्या दिशेने आणली की टोपी अर्धा-पाऊण स्टॉप खाली येते. एक्स्पोजर चेहऱ्यावर लावा, टोपीवर नको. कॅमेऱ्याच्या उजळपणाच्या मोजणीत सावळ्या त्वचेचा उजळ भाग साधारण ४५-५५ टक्के, गव्हाळ ५५-६५. सगळ्यांचेच चेहरे ७० टक्क्यांवर नेऊन ठेवायचा प्रघात आहे, त्यात उन्हातान्हात काम केलेला माणूस पावडर लावल्यासारखा दिसतो.

मागचा दिवा फेट्याला, टोपीला देऊ नका. टक्कल किंवा पांढऱ्या केसांना दिलाच तर मुख्य दिव्याच्या निम्मा. काळ्या केसांना बरोबरीचा चालतो.

कंदील५६००

काळं कापड म्हणून साटीन आणू नका, चमकतं. घरात घोंगडी असेल तर ती टांगा. उजेड पिते आणि आवाजही. १० बाय १२ च्या मोकळ्या खोलीत घुमारा असणारच, एका घोंगडीत दोन कामं होतात.

ओट्यावरून

पाककृतीचं मी घेते. इथे मुलाखतीची सवय सोडून द्यावी लागते. चेहऱ्याला उजेड समोरून-बाजूने लागतो, अन्नाला मागून.

तर्री तपकिरी का दिसते? तर्री म्हणजे रंगीत तेलाचा पातळ थर. समोरून किंवा कॅमेऱ्याच्या बाजूने उजेड टाकला तर तो तेलातून खाली जातो, मटकीवर आपटतो आणि तपकिरी होऊन परत येतो. मागून, ताटलीच्या पलीकडून साधारण ३० ते ४५ अंश उंचीवरून दिवा आणला की तेलाच्या पृष्ठभागावर त्याची लकेर उठते, कडेच्या पातळ तवंगातून उजेड आरपार येतो आणि लाल उघडा पडतो. घड्याळ कल्पून पाहा: ताटली मध्ये, करणारा ६ वाजता उभा. दिवा १० किंवा ११ वर. करणाऱ्याची सावलीही मग त्याच्याच अंगावर, फ्रेमबाहेर पडते, कढईत येत नाही. तुमची डोक्याच्या सावलीची तक्रार तिथेच मिटली. १ किंवा २ वर ठेवू नका, कारण उजवा हात पळी घेऊन तिथूनच येतो आणि डाव हलला की सावली हलते. डावखुऱ्यांनी उलट करावं.

समोरच्या बाजूला, म्हणजे ४-५ वाजता, ए३ आकाराचा सनबोर्ड ताटलीला अगदी खेटून उभा. एवढ्याने पुढची काळी बाजू उघडते. चिवडा, भाकरी, थालीपीठ असं पोत असलेलं काही असेल तर बोर्ड काढा. तिथे सावलीच खमंगपणा दाखवते.

स्टीलला स्वतःचा रंग नसतो, ते भोवताल दाखवतं. दिवा लहान असेल तर पातेल्यावर टोचणारा ठिपका येतो. तो घालवायला दिवा मंद करून उपयोग नाही, ठिपका तेवढाच राहतो. ठिपका मोठा आणि मऊ करा. ३ बाय ४ फुटांच्या लाकडी चौकटीवर ट्रेसिंग पेपर ताणा आणि सॉफ्टबॉक्स त्याच्या दोन फूट मागे ठेवा. आता पातेल्यात एक लांब पांढरा पट्टा दिसेल, कडेला विरत जाणारा. तो चांगला दिसतो. मग त्या पट्ट्याला धार यावी म्हणून पातेल्याशेजारी फ्रेमबाहेर काळ्या पुठ्ठ्याची बोटभर पट्टी उभी करा. पातेल्याची गोलाई त्यातून कळते.

पोलरायझरबद्दल (चमक कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर) विचारलं नाहीत, पण कोणी तरी सुचवेलच. धातूवरची चमक पोलरायझरने जवळजवळ जात नाही. काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावरची, टाइल्सवरची, तेलावरची जाते, तीही तिरक्या कोनातून, ५५ अंशांच्या आसपास सगळ्यात जास्त. कॅमेरा थेट वरून खाली बघत असेल आणि चमक सरळ वर येत असेल तर फिल्टर कितीही फिरवा, काही होणार नाही, वर दीड स्टॉप उजेड गेला. वरून शूट करताना ग्रॅनाइटमध्ये छतच दिसत असतं. छतावरची ट्यूब बंद करा, किंवा ओट्यावर पोळपाटाएवढी लाकडी फळी घाला.

वाफ वरच्या कॅमेऱ्यातून दिसणारच नाही, उलट लेन्स धुरकटते. वाफेसाठी वेगळा शॉट घ्या: कॅमेरा भांड्याच्या उंचीवर, मागे तीन-चार फूट मोकळी जागा आणि तिच्यामागे गडद पार्श्वभूमी. दिवा सॉफ्टबॉक्सशिवाय, उघडा, भांड्याच्या मागे बाजूला, लेन्सच्या रेषेपासून ३० अंश सरकवून. पार्श्वभूमीवर त्याचा एक थेंबही पडता कामा नये. लेन्समध्ये थेट उजेड शिरत असेल तर मध्ये पुठ्ठा. पंखा आणि चिमणी तेवढ्यापुरती बंद. पावसाळ्यातल्या किंवा थंडीतल्या सकाळी वाफ आपोआप दाट दिसते, एप्रिलच्या दुपारी तीच भाजी मुकी वाटते.

आणि एक सुरक्षेचं: ट्रेसिंग पेपर शेगडीपासून निदान तीन फूट लांब. फोडणी उडते, कागद पेटतो. दिव्याच्या काचेवर तेलाचा थेंब पडला तर थंड झाल्यावर पुसा, तापलेली काच ओल्या फडक्याने तडकते.

दिवा घेताना पाकिटावरचा सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ बघून थांबू नका. तो आकडा फिक्या रंगांवरून काढतात, गडद लाल त्यात मोजलेला नसतो. तो आर९ म्हणून वेगळा देतात. ९० च्या आसपास हवा. न दिलेला असेल तर घरची चाचणी: पांढऱ्या कागदावर हळद, तिखट आणि कोथिंबीर शेजारी शेजारी ठेवून खिडकीच्या उजेडात एकदा आणि दिव्यात एकदा चित्रित करा, दोन्ही वेळा व्हाइट बॅलन्स त्याच कागदावर. तिखट विटकरी झालं किंवा हळद लिंबाकडे गेली की तो दिवा स्वयंपाकघरासाठी बाद.

विंगेतला

एकांकिकेला तुमचा एकही दिवा लागणार नाही. प्रकाशयोजना नाटकाची आहे, तुमची नाही. प्रेक्षागृहात स्वतःचा एलईडी उभा केलात तर प्रकाशयोजनाकार तुम्हाला पुन्हा दारात उभा करणार नाही, आणि बरोबरच करेल.

चेहरे जळतात कारण कॅमेरा ऑटोवर आहे. फ्रेमचा पाऊण भाग काळा पडदा. कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो सगळं वर उचलतो आणि मधला एकटा उजळ चेहरा फुटतो. सगळं मॅन्युअल करा: शटर १/५०, आयएसओ बांधलेला, झेब्रा (ठरलेल्या उजळपणाच्या भागावर कॅमेऱ्याच्या पडद्यात उमटणारे तिरके पट्टे) ९५ वर. रंगीत तालमीला जा आणि सगळ्यात प्रखर प्रसंगात, पांढरा झब्बा असेल तर त्याच्यावर, झेब्रा जेमतेम उमटेल इतकं छिद्र ठेवा. तेच तुमचं मूळ मूल्य. मंद प्रसंगांसाठी तिथून एक स्टॉप, फार तर दीड, हाताने हळू उघडायचं. ब्लॅकआउटमध्ये हात लावायचा नाही, काळं काळंच राहू द्या.

तालमीत प्रकाशयोजनाकाराकडून क्यूंची, म्हणजे प्रकाश बदलायच्या जागांची, यादी मागून घ्या. फक्त चार गोष्टी हव्यात: सर्वांत प्रखर कुठला, सर्वांत मंद कुठला, गडद रंगाचे कुठले आणि अचानक बदलणारे कुठले. ही यादी कॅमेऱ्याला चिकटवा.

रंग: हॉलमध्ये जुने पार ६४ (रंगमंचावरचे हॅलोजन दिवे) आणि स्पॉट असतील तर व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनवर कायम. डिमरने दिवा ४० टक्क्यांवर आणला की तो आपोआप नारिंगी होतो. होऊ द्या, प्रेक्षकांनाही तसाच दिसतो. ऑटो व्हाइट बॅलन्स तो नारिंगी पुसून टाकतो आणि संध्याकाळचा प्रसंग दुपारचा होतो. एलईडी पार असतील तर चेहऱ्यावरचा पांढरा उजेड लावून घेऊन राखाडी कार्डावर एकदाच बॅलन्स करा आणि कुलूप. हे एलईडी पार डिमरवर बरेचदा पट्टे देतात. तालमीतच १/५० आणि १/१०० दोन्हींवर पाहा. कॅमेऱ्यात शटर बारीक टप्प्यांनी बदलता येत असेल तर पट्टे थांबेपर्यंत फिरवा.

आता मेणाचा पुतळा. निळ्या एलईडीत उजेड जवळजवळ फक्त निळाच असतो. सेन्सरचा निळा भाग भरून वाहतो, लाल आणि हिरव्याला काहीच मिळत नाही. चेहऱ्याचे उंचवटे, सुरकुत्या त्या दोन रंगांत असतात, त्या नाहीशा. झेब्रा मात्र गप्प, कारण उजळपणाच्या मोजणीत निळ्याचा वाटा फार थोडा. म्हणून निळ्यात झेब्रावर विसंबू नका, आरजीबी हिस्टोग्राम किंवा परेड (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारे आलेख) लावा आणि निळा टोकाला भिडू न देता एक-दीड स्टॉप खाली ठेवा. प्रकाशयोजनाकाराशी बोलणं झालंच असेल तर एवढीच विनंती करा: निळ्या प्रसंगात समोरून चेहऱ्यांवर १०-१५ टक्के पांढरा मिसळता येईल का? डोळ्याला रात्र रात्रच वाटते, कॅमेऱ्याला नाक मिळतं. बरेच जण आनंदाने देतात, आधी विचारलं तर.

शाळेच्या सभागृहात तुम्हालाच दिवे लावायला सांगितलं तर वीज मोजा. १००० वॅटचा एक पार २३० व्होल्टला सव्वाचार अँपिअरच्या वर घेतो. १६ अँपिअरच्या एका सॉकेटवर तीन, चौथा नाही. घरगुती ६ अँपिअरच्या सॉकेटवर एक. गुंडाळीतली एक्स्टेन्शन वायर पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली असताना तापून वितळते. डिमरच्या वायरी माइकच्या वायरींना समांतर नेऊ नका, गुणगुण येते. ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

कंदील५६००

खरेदीचं. माझं मत: १०० ते १५० वॅटचा, फक्त ५६०० केल्विनचा (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), आर९ चांगला असलेला एक सीओबी. निम्मं बजेट तिथे. जुना ६० वॅटचा मागच्या दिव्याला आणि वाफेला. मग एक जड सी-स्टँड, दोन साधे स्टँड, सनबोर्ड, ट्रेसिंग पेपर, काळं कापड, क्लिपा आणि नारिंगी सीटीओ जेलची (पांढरा उजेड पिवळसर करणाऱ्या पारदर्शक फिल्टरची) एक शीट.

ओट्यावरून

५६०० च का? स्वयंपाकघरात मागे पिवळा दिवा फ्रेममध्ये असला की बायकलर (पांढरा आणि पिवळा दोन्ही उजेड देणारा दिवा) बरा पडतो. जेल लावून साधारण एक स्टॉप जातो आणि सॉफ्टबॉक्सच्या आत जेल चिकटवणं म्हणजे दर वेळी कसरत.

कंदील५६००

मान्य, पण बायकलरमध्ये दोन रंगांचे एलईडी असतात आणि टोकाच्या रंगाला एकाच गटाचे पेटतात, त्यामुळे त्याच वॅटात उजेड कमी. खिडकीशी झुंजायचं असेल तर तो कमी पडतो. तुमच्या पिवळ्या दिव्यासाठी उपाय स्वस्त आहे, तोच बदलून ६५०० चा लावा किंवा बंद ठेवा. पण मुलाखतीपेक्षा पाककृती जास्त होणार असतील तर ओट्यावरून म्हणतात ते घ्या.

स्टँडबद्दल दोन ओळी. सॉफ्टबॉक्स लावलेल्या स्टँडचा एक पाय नेहमी बॉक्सच्या तोंडाच्या दिशेला, वजन तिकडेच झुकतं. त्याच पायावर चार-पाच किलो वाळूची पिशवी. सिमेंटच्या पोत्याची शिवलेली चालते, पण आत प्लास्टिकची पिशवी घाला, नाही तर वाळू झिरपून लोकांच्या फरशीवर चरे पडतात.

दगडीवाडा

सगळ्यांचे आभार, यादी करून घेतली. शेवटचं एक: पुढच्या महिन्यात एका जुन्या वाड्यात मुलाखती आहेत. चौकातच बसायचा आग्रह आहे. तिथे ऊन थेट डोक्यावर येतं, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात.

भिंगवाला

चौकात नका बसवू, ओसरीवर बसवा, कडेपासून तीन-चार फूट आत, तोंड चौकाकडे. डोक्यावर ओसरीचं छप्पर, म्हणून वरचं ऊन तुटलं, आणि समोरचं उघडं आभाळ आणि उजळ फरशी हाच तुमचा सॉफ्टबॉक्स. कॅमेरा ओसरीच्या लांबीला समांतर ठेवलात तर उजेड एका बाजूने येतो आणि मागे खांबांची रांग मिळते. आत सरकवाल तसा उजेड कमी पण दिशा स्पष्ट होते. भिंतीकडच्या बाजूला घोंगडी किंवा सनबोर्ड, खोलीतल्यासारखंच.

चौकच हवा असेल तर वरून पांढरं कापड ताणावं लागेल. सत्यजित राय यांच्या १९५६ सालच्या 'अपराजितो'साठी बनारसच्या घराचा चौक स्टुडिओत उभारला होता, तेव्हा छायालेखक सुब्रत मित्र यांनी वर कापड ताणून खालून त्यावर दिवे मारले होते, आभाळाचा मऊ उजेड आणण्यासाठी. तुमच्याकडे खरं आभाळ आहे, म्हणून दिव्यांचं काम ऊन करेल, कापड फक्त आडवं घाला. माणूस कापडाच्या मध्याखाली हवा, आणि कापड चौकापेक्षा लहान असेल तर उन्हाचा तुकडा सरकत सरकत दीड तासात खांद्यावर येतो. बसण्याआधी सावलीची कड खडूने फरशीवर आखा आणि दर पंधरा मिनिटांनी पाहा.

ढग येऊन-जाऊन असतील तर छिद्र फिरवू नका, पार्श्वभूमीचा धूसरपणा बदलतो आणि संकलनात दोन वाक्यं जुळत नाहीत. व्हेरिएबल एनडी (फिरवून उजेड कमी-जास्त करायचा लेन्सवरचा फिल्टर) लावा आणि तोच फिरवा. दोर बांधताना चारही कोपरे सारखे ताणा, फडफडणारं कापड चेहऱ्यावर उजेडाची लाट सोडतं.

ओट्यावरून

कापड कोरं मांजरपाट आणाल तर ते पिवळट असतं, चेहरा काविळीसारखा येईल. दोनदा धुऊन, उन्हात वाळवून मगच ताणा. नीळ घालू नका.